पोटात पाणी साचल्यावर घरी घ्यायची काळजी

पोटात पाणी होणे, म्हणजे जलोदर, हा स्वतंत्र आजार नसून दुसऱ्या आजाराचे लक्षण आहे. बहुतेक रुग्णांमध्ये त्यामागे यकृताचा सिरोसिस, म्हणजे यकृत व्रणांनी कडक होण्याचा आजार, असतो. परंतु क्षयरोग, कर्करोग किंवा हृदयविकार यांमुळेही पाणी साचू शकते, म्हणून पहिल्यांदा पोट फुगल्यावर सुईने थोडे पाणी काढून तपासून घ्यावेच लागते. पुढील माहिती सिरोसिसच्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांसाठी आहे.

घरचे लोक सहसा आधी रुग्णाचे पाणी तोडतात, पण खरे पथ्य मिठाचे आहे. या आजारात शरीर मीठ धरून ठेवते आणि मिठामागोमाग पाणीही अडते. रक्तातील सोडियम फार घसरले असेल तरच डॉक्टर पाण्यावर बंधन घालतात. दिवसभराचे मीठ सुमारे ५ ग्रॅम, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, यापुढे जाऊ नये आणि त्यात पाव, फरसाण, लोणचे यांतले मीठही धरावे. पापडात मिठाच्या जोडीला पापडखार असतो, तोही सोडियमच. आमटीला मीठ घालण्यापूर्वी रुग्णाची वाटी वेगळी काढून तीत लिंबू, जिरे, कोथिंबीर घालावी. कोकमाचे आगळ मात्र खारवलेले असते. सैंधवाने काही साधत नाही, आणि ‘लो सोडियम’ मिठातील पोटॅशियम स्पायरोनोलॅक्टोन ही लघवीची गोळी घेणाऱ्याला धोक्याचे ठरू शकते. मीठ कमी करताना जेवण मात्र कमी करू नये. डाळ, दूध, अंडी यांतून प्रथिने मिळावीत आणि रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे द्यावे, कारण या रुग्णांचे स्नायू झपाट्याने झिजतात.

रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहावे. लघवीच्या गोळ्या, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन आणि बहुधा फ्युरोसेमाइड, सुरू असताना पायांवर सूज नसेल तर दिवसाला अर्धा किलो आणि सूज असेल तर एक किलोपर्यंत घट ठीक. त्याहून वेगाने वजन उतरल्यास मूत्रपिंडावर ताण येतो, तेव्हा डॉक्टरांना त्वरित कळवावे. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन दुकानातून आणून देऊ नये. दारू पूर्णपणे बंद हवी.

गोळ्यांनी भागत नसेल तर रुग्णालयात सुईने पाणी काढतात. एका वेळी ५ लिटरहून अधिक काढल्यास शिरेतून अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातील एक प्रथिन, देतात. ते महाग असते म्हणून नको म्हणणे अंगाशी येऊ शकते. पाणी वारंवार भरू लागले, तर यकृत प्रत्यारोपणाविषयी तज्ज्ञांशी लवकर बोलावे.

ताप, पोटदुखी, बरळणे, दिवसाची झोप, रक्ताची उलटी, काळी शौच किंवा लघवी कमी होणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर उशीर जिवावर बेतू शकतो, आणि कधी कधी ताप नसतानाही तो असतो. जाताना वजनाची वही आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत.