लिनक्स सर्व्हरला दोन इंटरनेट लाइन: आलेलं पॅकेट त्याच लाइनने परत कसं पाठवायचं

दुसरी लाइन जोडली, आयपी दिला, आणि तरी बाहेरून त्या आयपीवर काहीच उघडत नाही, टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावला तर पॅकेट आत येताना मात्र दिसतंय. बहुतेक जण इथे फायरवॉल उचकत बसतात (मीही बसलोय). पण घोळ असा की लिनक्स साधारणपणे पॅकेट कुठे जायचंय तेवढंच बघून रस्ता ठरवतो, त्यामुळे दुसऱ्या लाइनवरून आलेल्याचं उत्तर पहिल्या लाइनच्या डिफॉल्ट गेटवेने (बाहेर नेणाऱ्या राउटरने) निघतं, आणि सोर्स आयपी (पाठवणाऱ्याचा पत्ता) परका बघून पहिला प्रोव्हायडर ते बहुधा टाकून देतो.

उदाहरणाला पहिली लाइन ईटीएच०, आयपी १९२.०.२.१०, गेटवे १९२.०.२.१ आणि दुसरी ईटीएच१, आयपी २०३.०.११३.१०, गेटवे २०३.०.११३.१. सर्व्हर लांब असेल तर आधी दहा मिनिटांनंतरचा रीबूट शेड्यूल करून ठेवा, एसएसएच (लांबून सर्व्हर चालवायचं कनेक्शन) तुटलं तर तोच वाचवतो. सगळं जमलं की रीबूट रद्द करायला विसरू नका म्हणजे झालं.

आता प्रत्येक लाइनला स्वतःचं राउटिंग टेबल (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं याची यादी) द्यायचं. नंबर १०१ आणि १०२ घेऊ, कारण २५३ ते २५५ सिस्टीमचे आहेत. आधी टेबल भरा, रूल (कोणत्या पॅकेटला कोणतं टेबल ते सांगणारा नियम) नंतर:

आयपी रूट अ‍ॅड २०३.०.११३.०/२४ डेव्ह ईटीएच१ टेबल १०२
आयपी रूट अ‍ॅड डिफॉल्ट व्हाया २०३.०.११३.१ डेव्ह ईटीएच१ टेबल १०२
आयपी रूल अ‍ॅड फ्रॉम २०३.०.११३.१० टेबल १०२

पहिल्या लाइनचं पण असंच, टेबल १०१ मध्ये. मेन टेबलमधला (लिनक्सच्या नेहमीच्या टेबलमधला) जुना डिफॉल्ट राहू द्या, सर्व्हर स्वतःहून जे कनेक्शन काढतो त्याला तो लागतो.

तपासायला "आयपी रूट गेट १९८.५१.१००.७ फ्रॉम २०३.०.११३.१०" चालवा, उत्तरात ईटीएच१ दिसलं की जिंकलात. ईटीएच० दिसलं तर "आयपी रूल" ची लिस्ट बघा, तुमचा रूल लिस्टमध्ये ३२७६६ च्या, म्हणजे मेन टेबलच्या, वर (लहान नंबरचा) असायला हवा.

रूल बरोबर आणि तरी पॅकेट गायब होत असेल, विशेषतः फायरवॉलने पॅकेटवर मार्क (खूण) लावून राउटिंग करत असाल, तर आरपी फिल्टर बघा, म्हणजे पाठवणाऱ्याकडे परतीचा रस्ता जुळत नसेल तर पॅकेट टाकून देणारी कर्नलची सेटिंग. १ म्हणजे कडक, २ म्हणजे सैल, इथे २ ठेवा. गंमत म्हणजे "ऑल" आणि त्या इंटरफेसची व्हॅल्यू यातला मोठा आकडा लागू होतो, त्यामुळे नुसतं ईटीएच१ ला ० केलं आणि "ऑल" मध्ये १ राहिला तर काहीच बदलत नाही.

दोन्ही लाइनवर लोड वाटायचा असेल तर मेन टेबलच्या डिफॉल्टला दोन नेक्स्टहॉप (पुढचे गेटवे) आणि वेट (कुणाला किती वाटा) देता येतं. पण एकच मोठं डाउनलोड त्याने दुप्पट वेगाने होणार नाही, एक कनेक्शन एकाच लाइनवर राहतं. ३.६ कर्नलमध्ये राउट कॅश (ठरलेले रस्ते लक्षात ठेवणारा साठा) काढल्यावर पॅकेटं दोन्हीकडे विखरायची, ४.४ पासून हॅशने (पत्त्यांवरून काढलेल्या आकड्याने लाइन ठरवून) ते सुधारलं, म्हणून फार जुन्या कर्नलवर हा प्रयोग नको.

हे सगळं रीबूटला पुसलं जातं, तेव्हा नेटप्लॅन किंवा सिस्टमडी नेटवर्कडी (नेटवर्कची सेटिंग सांभाळणारे प्रोग्राम), जे वापरता त्याच्या कॉन्फिगमध्ये रूल आणि रूट दोन्ही टाका. आणि लाइन मेली तरी राउटरपर्यंतची केबल चालू असेल तर कर्नलला ते कळत नाही, त्यासाठी दर थोड्या वेळाने दोन्ही आयपीवरून बाहेर पिंग मारून डिफॉल्ट बदलणारी छोटी स्क्रिप्ट लागतेच.