क्लाउडवरची गाणी मोबाइलवर रखडतात? नेटचा प्लॅन वाढवण्याआधी या चुका टाळा

स्वतःचा गाण्यांचा संग्रह क्लाउडवर चढवून मोबाइलवर ऐकणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. प्ले दाबलं की चक्र फिरत राहतं, नाहीतर गाणं मध्येच तुटतं. त्यावरचा उपायही ठरलेलाच: मोठा प्लॅन घ्या. दुखणं नेमकं कुठे आहे हे आधी बघायला कुणी तयार नसतं. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपीथ्रीला सेकंदाला एक तृतीयांश मेगाबिटही लागत नाही. स्पीड टेस्टमध्ये ४० एमबीपीएस (सेकंदाला ४० मेगाबिट) दिसत असताना हे गाणं अडखळत असेल, तर ८० एमबीपीएस घेऊन काय होणार?

कुणीही फोन हातात दिला की मी आधी एक गाणं डाउनलोड करतो आणि त्याच हेडफोनवर, वाय-फाय चालू ठेवूनच वाजवतो. तरीही तुटलं, तर दोष स्ट्रीमिंगचा नाही, बहुधा ब्लूटूथचा आहे. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय एकाच पट्ट्यात चालतात आणि एकमेकांच्या आड येतात. फोन ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कला जोडा आणि पुन्हा ऐका. एवढं करायला पाच मिनिटंही लागत नाहीत, पण लोक ती देत नाहीत.

फाइलमध्ये भलंमोठं कव्हर कोंबणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सतावते, कारण ती कुणाच्या ध्यानातच येत नाही. एमपीथ्रीमध्ये गाण्याचं नाव, गायक आणि कव्हरचं चित्र ही माहिती सहसा फाइलच्या सुरुवातीला असते. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजाचा दर्जा न घटवता साठवलेल्या मोठ्या फाइलमध्येही, चित्र आवाजाच्या आधीच येतं. पुष्कळ प्लेअर फाइल पहिल्यापासून वाचत जातात, म्हणजे आधी चित्र उतरवायचं आणि मग पहिला सूर.

ओळखीतल्या एका काकांनी जुन्या रेकॉर्डींचा संग्रह मोठ्या कष्टानं डिजिटल केला होता. कव्हरं ६०० डीपीआयवर, म्हणजे इंचाला ६०० ठिपके इतक्या बारकाईनं, स्कॅन केली आणि प्रत्येक गाण्यात पीएनजी या जड चित्र-प्रकारात घातली. घरात वाय-फायवर सगळं ठीक चालायचं. बाहेर पडलं की प्रत्येक गाणं सुरू व्हायला अर्धा मिनिट. त्यांनी आधी सिमकार्ड बदललं, मग ॲप, शेवटी फोनसुद्धा. फरक शून्य. मी फक्त एका फाइलचा आकार बघितला. चार मिनिटांचं १२८ केबीपीएसचं गाणं चार एमबीच्या आत बसायला हवं. ही फाइल सोळा एमबीची होती. म्हणजे गाण्याच्या तिप्पट चित्र! नवा फोन तेच चित्र तितक्याच निमूटपणे उतरवत होता.

कव्हर ६०० बाय ६०० पिक्सेलचं जेपीईजी ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर तेवढं स्वच्छ दिसतं आणि आकार शंभर-दीडशे केबीच्या आसपास राहतो. संगणकावर एमपीथ्रीटॅग किंवा किड३ हे गाण्यांची माहिती बदलायचे प्रोग्रॅम वापरून अख्खा अल्बम एकदम बदलता येतो. मी आधी एकच अल्बम बदलतो, चढवतो, बाहेर जाऊन ऐकतो आणि मगच बाकीच्याला हात लावतो. आणखी एक: फाइलमधून मोठं चित्र काढून टाकल्यावर ती जागा काही प्रोग्रॅम रिकामी तशीच ठेवतात. फाइलचा आकार खरंच उतरला का, हे बघितल्याशिवाय ती चढवू नका. मूळ स्कॅन वेगळ्या फोल्डरमध्ये जपा; काकांची मेहनत फुकट जायचं कारण नाही.

दर वेळी कॅश साफ करणं

अडलं की कॅश, म्हणजे ॲपनं फोनमध्ये तात्पुरता जपलेला साठा, साफ; तरी अडलं की ॲप काढून पुन्हा टाकायचं. अधीर माणसाचा हा आवडता उपाय, आणि मला तो अजिबात पटत नाही. कॅशमध्ये तुम्ही कालच ऐकलेली गाणी असतात. ती पुसली की फोन तीच गाणी पुन्हा नेटवरून ओढतो. ॲप काढलंत तर बहुतेक वेळा डाउनलोड केलेलं सगळं जातं आणि हजारो गाण्यांची यादी नव्यानं जुळवत बसावं लागतं. ते काम चालू असताना गाणी आणखी रखडतात आणि मग म्हणायचं, ‘बघा, तरी काही होत नाही.’ कॅश साफ करायची ती एखादं ठरावीक गाणं दर वेळी त्याच जागी तुटत असेल तेव्हा. एरवी कॅशला जागा वाढवून द्या. फोनचं स्टोरेज काठोकाठ भरलेलं असेल तर आधी जुने व्हिडिओ हलवा.

बाकीच्या चुका

मोबाइल डेटावर फ्लॅक: सीडीच्या दर्जाच्या फ्लॅकला साधारण ७०० ते १००० केबीपीएस लागतात. चालत्या गाडीत हा हट्ट नको.

बॅटरी सेव्हर: पडदा बंद झाला की गाणं थांबतं? म्युझिक ॲपला बॅटरीच्या निर्बंधातून सूट द्या.

दाराबाहेर पडल्यावरही वाय-फाय चालू: फोन घरच्या क्षीण सिग्नलला चिकटून बसतो. निघताना बंद करा.

फोटोंचा बॅकअप आणि गाणी एकाच वेळी: बॅकअप रात्री चार्जिंगवर लावा.

घरच्या संगणकावरून किंवा एनएएसवरून (घरच्या नेटवर्कला जोडलेलं फाइल साठवायचं यंत्र) गाणी ऐकत असाल, तर घरच्या कनेक्शनचा डाउनलोड वेग सांगू नका, अपलोड वेग बघा. गाणी घरातून बाहेर पाठवली जातात आणि अनेक कनेक्शनवर अपलोडचा वेग डाउनलोडच्या मानानं फारच कमी असतो. जेलीफिन, नॅव्हिड्रोम, प्लेक्स या घरून गाणी पाठवणाऱ्या सगळ्या प्रोग्रॅममध्ये बाहेर पाठवताना बिटरेट (गाण्याला सेकंदाला लागणारा डेटा) उतरवायची सोय आहे. मी मोबाइल डेटासाठी ऑपस या कमी डेटात चांगला आवाज देणाऱ्या प्रकारात १२८ केबीपीएस लावून ठेवतो, आणि घरच्या वाय-फायवर मूळ फाइल.