विकिपीडियावरील ‘लोकप्रिय’ हे विशेषण कसे हाताळावे

मराठी विकिपीडियावरील लेखात ‘अत्यंत लोकप्रिय’ असे विशेषण आढळल्यास ते तत्काळ खोडण्याऐवजी तो दावा कोणी, केव्हा आणि कोणत्या मोजणीच्या आधारे केला आहे, हे आधी शोधावे. स्वतंत्र, विश्वसनीय स्रोत मिळाला, तर ते मत त्या स्रोताच्या नावानेच नोंदवावे. न मिळाल्यास ‘संदर्भ हवा’ हा साचा (लेखात ठरावीक सूचना दाखवणारी तयार खूण) लावून लेखाच्या चर्चा पानावर विचारणा करावी आणि पुरेशी वाट पाहूनही उत्तर न आल्यास विशेषण काढावे. सचिन तेंडुलकर यांची १०० आंतरराष्ट्रीय शतके हे तथ्य आहे. परंतु त्यावरून (आम्हा चाहत्यांना कितीही वाटले तरी) ‘सर्वाधिक लोकप्रिय खेळाडू’ हे विधान सिद्ध होत नाही, कारण शतके कर्तृत्व मोजतात, लोकप्रियता नव्हे. तसेच एखाद्या चित्रपटाच्या किंवा उत्पादनाच्या निर्मात्याची जाहिरात लोकप्रियतेचा पुरावा मानू नये.