या चुका टाळा: मायक्रोआरएनए म्हणजे छोटा एमआरएनए नव्हे

पेशींतून आरएनए काढला. शुद्धता सांगणारं २६०/२८० चं गुणोत्तर २ च्या आसपास, आरएनए किती शाबूत आहे हे सांगणारा आरआयएन ९, म्हणजे तक्रारीला जागाच नाही. तरीही पीसीआरमध्ये (तुकड्याच्या प्रती वाढवून तो मोजण्याच्या पद्धतीत) मायक्रोआरएनएचा, म्हणजे जीनचं काम आवरणाऱ्या इवल्याशा आरएनएचा, पत्ता नसतो. मग प्रायमर (प्रत सुरू करून देणारे छोटे तुकडे) बदलून होतात, एन्झाइम बदलून होतं, आठवडा जातो. खरी चूक पहिल्याच दिवशी झालेली असते, कॉलमखालच्या नळीतला द्रव ओतून देताना.

नेहमीचे सिलिका कॉलम साधारण २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा (म्हणजे आरएनएच्या अक्षरांपेक्षा) लांब आरएनए धरण्यासाठी बनवलेले असतात. मायक्रोआरएनए जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडचा, तो धुऊन निघून जातो. आरआयएन मुख्यतः १८एस आणि २८एस या मोठ्या रायबोसोमल आरएनएची तब्येत सांगतो, लहानग्यांबद्दल काहीच नाही. लहान आरएनएसाठीचं किट घ्या. त्यात इथेनॉलचं प्रमाण जास्त ठेवलेलं असतं, म्हणून छोटे तुकडेही कॉलमला चिकटतात. फिनॉल पद्धत वापरत असाल तर सगळ्या सँपलमध्ये पेशींची संख्या सारखी ठेवा. पेशी फार कमी असल्या की जी आणि सी ही अक्षरं कमी असलेले काही मायक्रोआरएनए इतरांपेक्षा जास्त हरवतात, आणि तो फरक जीवशास्त्राचा वाटू लागतो.

पुढची चूक येते ती मायक्रोआरएनए म्हणजे छोटा एमआरएनए (प्रथिन बनवण्याचा निरोप नेणारा आरएनए) या समजातून. सीडीएनए (आरएनएवरून बनवलेली डीएनएची प्रत) करताना हात सवयीने ऑलिगो-डीटीकडे, म्हणजे पॉली-ए शेपटीवर बसणाऱ्या प्रायमरकडे, जातो. पक्व मायक्रोआरएनएला ही ए अक्षरांची शेपटीच नसते, प्रायमर बसणार कुठे? एकतर एन्झाइमने शेपटी जोडून घ्या, नाहीतर स्टेम-लूप (स्वतःवर दुमडलेला) प्रायमर वापरा. ऑर्डर देताना नावही पुरतं वाचा. ५पी आणि ३पी या एकाच केसपिनीच्या (मायक्रोआरएनए ज्यातून कापला जातो त्या दुमडलेल्या आरएनएच्या) दोन बाजू आहेत, त्यांचे क्रम वेगळे आणि लक्ष्यंही (ज्यांना ते दाबतात ते एमआरएनए) वेगळी. लेट-७ए आणि लेट-७सी या मायक्रोआरएनएंच्यात तर एकाच अक्षराचा फरक आहे, त्यामुळे प्रायमर खरंच एकालाच ओळखतो का, हे कृत्रिम आरएनए वापरून आधी तपासलेलं बरं.

रक्तद्रवाची गोष्ट वेगळीच. आमच्याकडे एका तुकडीत मिर-४५१ (मिर म्हणजे मायक्रोआरएनए) अचानक वाढलेला दिसला आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर शोधनिबंध उमटला. नळ्या पुन्हा उजेडात धरल्या, तर अर्ध्या किंचित गुलाबी. लाल पेशी फुटल्या होत्या, आणि मिर-४५१ लाल पेशींमध्ये भरपूर असतो. मिर-१६ सुद्धा. गंमत म्हणजे मिर-१६ कित्येक वर्षं रक्तद्रवात तुलनेसाठीचा स्थिर संदर्भ म्हणून वापरला जायचा! फुटलेल्या पेशींचं हिमोग्लोबिन कळावं म्हणून ४१४ नॅनोमीटरला शोषण मोजा, शंका आली तर सँपल बाजूला काढा. हेपरिनच्या नळ्या टाळा, हेपरिन पीसीआर अडवतं. यू६ हा छोटा आरएनए संदर्भ म्हणून पेशींसाठी एक वेळ चालेल, रक्तद्रवात त्याच्यावर विसंबू नका.

आता सगळ्यात महाग पडणारी चूक: लक्ष्य ओळखण्याची. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्कुन यांनी १९९३ मध्ये सी. एलेगन्स या कृमीत दाखवलं की लिन-४ नावाचा इवलासा आरएनए लिन-१४ या जीनच्या एमआरएनएवर अर्धवट जुळूनच बसतो आणि त्याचं प्रथिन कमी करतो. २००० मध्ये लेट-७ सापडला आणि तो अनेक प्राण्यांत आढळला, तेव्हा कुठे ही कृमीपुरती चमत्कारिक बाब नाही हे लोकांना पटलं. नोबेल मिळायला २०२४ उजाडलं. त्या ‘अर्धवट’ शब्दातच सगळी मेख आहे.

वनस्पतींत जवळजवळ पूर्ण जुळणी होते आणि एमआरएनए कापला जातो. प्राण्यांत मुख्य भिस्त मायक्रोआरएनएच्या २ ते ८ या अक्षरांवर, म्हणजे सीडवर. लेट-७ चा सीड जी-ए-जी-जी-यू-ए-जी. एमआरएनएवर ५ प्राइमकडून (सुरुवातीच्या टोकाकडून) वाचताना शोधायचं ते सी-यू-ए-सी-सी-यू-सी, कारण दोन्ही धागे उलट दिशांना धावतात. दिशा विसरून सरळ जोड्या लावणारे मी पुष्कळ पाहिलेत. पण सात अक्षरं जुळली एवढ्याने लक्ष्य ठरत नाही. इतका छोटा क्रम योगायोगानेही हजारो ठिकाणी सापडतो. लक्ष्य सुचवणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी ही संशयितांची यादी समजा. ल्युसिफरेजची चाचणी (लक्ष्याची जागा प्रकाश देणाऱ्या एन्झाइमच्या जीनला जोडून) लावा, सीडची जागा बदलून परिणाम नाहीसा होतो का बघा, आणि पेशीतला मूळचा मायक्रोआरएनए रोखल्यावर लक्ष्याचं प्रथिन वाढतं का, हेही बघा. नुसता मिमिक (मायक्रोआरएनएची कृत्रिम नक्कल) भरमसाट ओतून आलेला परिणाम मी धरत नाही, कारण त्या प्रमाणात आर्गोनॉटवर (मायक्रोआरएनएला धरून काम करणाऱ्या प्रथिनावर) गर्दी होऊन पेशीचे स्वतःचे मायक्रोआरएनए बाजूला पडतात.

आणि परिणाम छोटा असेल, याची तयारी ठेवा. एका लक्ष्यावरचा फरक बहुतेकदा दुपटीच्या आतच असतो. जीन पूर्ण बंद झालं नाही म्हणून प्रयोग फसला असं नाही. एमआरएनएची पातळी आणि प्रथिन, दोन्ही मोजा.

एसआयआरएनएची, म्हणजे जीन दाबायला पेशीत घालतात त्या छोट्या दुपदरी आरएनएची, कहाणी वेगळी, पण तिथेही घाई नडते. ४८ तासांनी एमआरएनए चांगला उतरलेला, वेस्टर्नवर (प्रथिन दाखवणाऱ्या चाचणीवर) पट्टी मात्र जशीच्या तशी. कारण साधं आहे: नवीन प्रथिन बनणं थांबलं, जुनं अजून टिकून आहे. ७२ किंवा ९६ तासांनी पुन्हा बघा. मात्रा वाढवणं हा उपाय नव्हे. एसआयआरएनएलाही सीड असतो, मात्रा चढली की तो मायक्रोआरएनएसारखा भलत्याच एमआरएनएंवर बसायला लागतो. सस्तन पेशींत सुमारे ३० जोड्यांपेक्षा लांब दुपदरी आरएनए घातला तर इंटरफेरॉनचा (विषाणूविरोधी) प्रतिसाद उठतो आणि पेशी एकंदरच प्रथिननिर्मिती आवरती घेते. कृमीत लांब दुपदरी आरएनए सहज चालतो, म्हणून कृमीवरून आलेल्यांचा हात इथे हमखास चुकतो.

एकाच एसआयआरएनएवरून जीनचं काम ठरवू नका. वेगवेगळ्या जागांवर बसणारे किमान दोन घ्या, जमेल तितक्या कमी मात्रेत, आणि सोबत निरर्थक क्रमाचा कंट्रोल ठेवा. सगळ्यात भक्कम पुरावा रेस्क्यूचा: अमिनो आम्लं तीच, पण एसआयआरएनए बसू नये अशी अक्षरं बदललेलं जीन पेशीत परत घाला. परिणाम पूर्वपदावर आला नाही, तर तो त्या जीनचा नव्हताच.