नौदलातून रिटायर झालेल्या बाबांचं आयुष्य लिहून काढायचंय? मग दोन कॉलमची वही घ्या

घरात नौदलातून रिटायर झालेले बाबा, आजोबा, काका कुणी असतील तर त्यांचं आयुष्य लिहायला आत्ताच घ्या, ते बोलतायत तोवर. आणि सुरुवात करायच्या आधी एक ठरवून टाका की नुसती जहाजांची आणि मेडलची यादी करायची नाही. होतं काय, फौजी माणसाबद्दल लिहायचं म्हटलं की सगळे युद्ध, युनिफॉर्म, परेड यातच रमतात आणि शेवटी "ते अतिशय कुटुंबवत्सल होते" अशी एक ओळ टाकून मोकळे होतात. मला हे मनापासून खटकतं. जो माणूस महिनोन्‌महिने समुद्रावर असायचा त्याचा घरावर किती जीव होता हे त्या एका ओळीत कसं कळणार, ते तर तो लांब असताना घरासाठी काय काय करत होता त्यातूनच कळतं ना.

म्हणून दोन कॉलमची वही. पानाच्या मधोमध वर्ष लिहा, डावीकडे जहाज, उजवीकडे घर. डावीकडे पोस्टिंग, कोर्स, प्रमोशन, सेलिंग. उजवीकडे लग्न, बाळंतपण, आजारपण, शाळा बदलली, घर बांधलं, आजी गेली. आधी एकच बाजू सलग भरत बसू नका, दोन्ही एकदम भरा, कारण खरी गोष्ट त्या दोन ओळी शेजारी आल्या की दिसते. मुलगी झाली त्या महिन्यात जहाज कुठं होतं? त्यांना बातमी कशी कळली, किती दिवसांनी कळली, पहिल्यांदा बघितलं तेव्हा ती केवढी होती? हे प्रश्न वही बघितल्याशिवाय सुचतच नाहीत.

आता कागद. डिस्चार्जचे कागद, पेन्शनचा पीपीओ (म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डर), एक्स-सर्व्हिसमन ओळखपत्र, जुनी पासबुकं, सगळं एका टेबलावर काढा आणि फोनवर स्कॅन करून ठेवा. सर्व्हिस नंबर, भरतीची तारीख, शेवटची रँक इथंच मिळते. काही गहाळ असेल तर सेलर लोकांचं (म्हणजे ऑफिसर नसलेल्या नौसैनिकांचं) रेकॉर्ड मुंबईत मानखुर्दला ब्युरो ऑफ सेलर्सकडे असतं, आणि अर्ज कसा करायचा हे समजत नसेल तर आधी आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. बाबा हयात असतील तर अर्ज त्यांच्याच सहीनं करा, तेच सोपं पडतं.

मेडल असतील तर नुसता समोरून फोटो काढू नका. मेडल हातात घ्या, उजेडाकडे धरा आणि कडेवरून हळूहळू फिरवा, गोल मेडलच्या काठावर बहुतेक वेळा नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. ती रँक म्हणजे तेव्हाची रँक, त्यामुळे तारखा जुळवायला फार उपयोगी. १९७१ च्या भारत-पाक लढाईतला माणूस असेल तर मेडल 'पूर्वी स्टार' (पूर्व आघाडीचं) आहे की 'पश्चिमी स्टार' (पश्चिम आघाडीचं) तेही बघा, त्यावरून तो कुठल्या आघाडीला होता ते कळतं. आणि पॉलिश अजिबात करू नका, घासून घासून कोरलेली अक्षरं जातात.

इथं एक मोठी गफलत होते ती सांगून ठेवते. नावापुढं आयएनएस, म्हणजे इंडियन नेव्हल शिप, लागलं म्हणजे जहाजच असं नसतं. आयएनएस शिवाजी लोणावळ्याला आहे, तिथं इंजिनियरिंगवाले शिकतात, आयएनएस वलसुरा जामनगरला इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी, आयएनएस चिल्का ओडिशात, तिथं नव्या सेलरचं ट्रेनिंग होतं, आयएनएस हमला तर मुंबईत मालाडला. ही सगळी जमिनीवरची ठिकाणं. त्यामुळे "बाबा दोन वर्षं आयएनएस शिवाजी या युद्धनौकेवर होते" असं लिहू नका, त्यांचे जुने दोस्त वाचतील आणि पुढचं काही वाचणार नाहीत.

दुसरी गफलत नावांचीच. नौदलात जुन्या जहाजाचं नाव नव्याला देतात. पहिली विक्रांत ही विमानवाहू नौका १९६१ ला आली आणि १९९७ ला निवृत्त झाली, आत्ताची विक्रांत २०२२ ची. जुनी खुकरी ९ डिसेंबर १९७१ ला बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला तिच्याबरोबर गेले, १८ ऑफिसर आणि १७६ सेलर गेले, आणि त्याच नावाची दुसरी खुकरी पुढं १९८९ ला आली. दिल्ली, म्हैसूर या जहाजांचंही तसंच. म्हणून जहाजाच्या नावाबरोबर वर्ष हवंच. आठवण तपासायलाही हे कामाला येतं, कुणी म्हणालं की ७१ ला मी विक्रांतवर होतो आणि कराचीवर हल्ला केला तर दोन आठवणी एकत्र झाल्यात हे समजा, कारण विक्रांत तेव्हा बंगालच्या उपसागरात होती आणि ४ डिसेंबरचा कराचीवरचा हल्ला निपात, निर्घात आणि वीर या मिसाईल बोटींनी केला होता. अशा वेळी त्यांना तोंडावर चूक म्हणू नका, "मग त्या दिवशी तुम्ही ड्युटीला कुठं होता" असं विचारा, बरोबर आठवण आपोआप वर येते.

बोलतं करायचं कसं, तर "नौदलाबद्दल सांगा" असं विचारलं की हमखास "काय सांगायचं, ड्युटी केली" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा छोटं आणि हाताला लागेल असं विचारा. मिडल वॉच म्हणजे रात्री १२ ते पहाटे ४ ची ड्युटी, त्या वॉचला झोप कशी घालवायचे? झोपायला बंक कितवा होता, वरचा की खालचा? समुद्र खवळला की जेवण कसं व्हायचं? पहिल्यांदा उलट्या झाल्या तेव्हा कोण म्हणालं की होईल सवय? इंजिनरूममध्ये किंवा तोफेजवळ काम केलेल्या बऱ्याच जणांना कमी ऐकू येतं, तर ज्या कानानं बरं ऐकू येतं त्या बाजूला बसा, टीव्ही बंद, फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग चालू, आणि तासाभरापेक्षा जास्त नको. रेकॉर्डिंग करतोय हे मात्र आधी सांगायचं, चोरून नाही.

काही गोष्टी ते सांगणार नाहीत. काही गुप्ततेमुळे, काही दोस्त गेले म्हणून. तिथं खोदायचं नाही. वहीत जागा मोकळी सोडा आणि पुढं चला, कधी तरी स्वतःहून बोलले तर बोलले, नाही तर ती रिकामी जागाही त्यांचीच आहे. आणि जहाजातल्या यंत्रणा, डॉकयार्डमधले फोटो असलं काही असेल तर ते घरातच राहू दे, सोशल मीडियावर टाकू नका.

आता उजवा कॉलम, आणि माझ्या मते अर्धं पुस्तक इथंच आहे. आईला वेगळं बसवा, बाबा समोर नसताना. बाबा समोर असले की ती "हे सांगतायत तेच" म्हणते. ते सेलिंगला गेल्यावर रात्री ताप आलेल्या मुलाला घेऊन कुणाकडे धावली, रेशन कार्ड, शाळेचा दाखला, बदलीचं सामान हे सगळं एकटीनं कसं केलं, शेजारच्या क्वार्टरमधल्या बायकांनी काय मदत केली, ७१ च्या डिसेंबरात मुंबईत ब्लॅकआउट असताना खिडक्यांना काळे कागद लावून घरात बसलेली असताना तिला जहाजाची काय बातमी होती. हे लिहिलं नाही तर बाबांचं आयुष्य अर्धंच लिहिलं गेलं.

पत्रं सापडली तर सोनं सापडलं. बाबांना आलेल्या पत्रांवर बघा, केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस (नौदलाचं टपाल ऑफिस), मुंबई किंवा विशाखापट्टणम असा पत्ता आणि जहाजाचं नाव असतं, शिक्क्यावरची तारीख वाचता आली तर वहीतला एक खाडा भरतो. बाबांनी घरी पाठवलेल्या पत्रांत जहाज कुठं आहे ते बहुधा नसतंच, पण बाकी सगळं असतं, धाकट्याचे दात आले का, आईचं औषध आणलं का, फीचे पैसे पोचले का. मनीऑर्डरच्या पावत्या सापडल्या तर फेकू नका. दर महिन्याला ठरल्या तारखेला येणारी मनीऑर्डर म्हणजे तो माणूस घरात हजर असल्याची नोंद आहे असं मी मानते. पत्रं वाचायच्या आधी दोघांना विचारा मात्र, काही फक्त त्यांचीच असतात.

नौदलानंतरची वर्षंही विसरू नका. बरेच सेलर १५ वर्षं पूर्ण करून पस्तिशीच्या आसपास बाहेर पडतात, पुढं मर्चंट नेव्ही, बँक, सरकारी नोकरी असं काहीतरी करतात आणि नौदलापेक्षा कितीतरी जास्त वर्षं घरात काढतात. मुलं कितवीत असताना ते कायमचे घरी आले, मुलांना सुरुवातीला परके वाटले का, हे मुलांनाच विचारा, म्हणजे स्वतःलाही विचारा. चप्पल ओळीत लावणं, पहाटे उठणं, कपड्यांची कडक इस्त्री, नातवंडांना गाठी मारायला शिकवणं हे सगळं यात येतं.

लिहिताना त्यांचे शब्द तसेच ठेवा. ते सेलिंग म्हणत असतील तर सागरी सफर करू नका, मेस म्हणत असतील तर भोजनगृह नको. जड शब्द आले की माणूस आपला वाटत नाही.

कच्चं झालं की मोठ्या अक्षरांत प्रिंट काढा, लाल पेन बरोबर द्या आणि त्यांच्याकडे ठेवून आठवडाभर विचारूच नका. ते खोडतील ते खोडू द्या. फोटोंच्या मागं मऊ पेन्सिलनं नावं लिहून घ्या, डावीकडून उजवीकडे, बॉलपेन नको, ते पुढून उमटतं. नाव आठवत नसेल तर रँक आणि जहाज तरी लिहा, त्यांच्या जुन्या बॅचमेटना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला की कुणी ना कुणी ओळखतंच. शेवटी प्रती काढाल तेव्हा एक प्रत प्रत्येक भावंडाकडे, एक आईच्या नावानं, आणि रेकॉर्डिंगची कॉपी दोन वेगळ्या घरांत.