स्मॉग चेक पास होणारा कॅम कसा निवडावा: १९८७ ते ९२ च्या कॅमॅरोचं ५.७ लिटर इंजिन

कॅलिफोर्नियात १९७६ किंवा त्यानंतरच्या बहुतेक पेट्रोल गाड्यांना दर दोन वर्षांनी स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, द्यावा लागतो. गाडी १९९९ पर्यंतची असेल आणि तुम्ही लॉस एंजेलिस किंवा बे एरियासारख्या दाट वस्तीच्या भागात राहत असाल, तर ही चाचणी रोलरवर होते. आपल्याकडच्या पीयूसीत गाडी जागेवर उभी असते. इथे ती ताशी १५ आणि २५ मैलांवर भार देऊन पळवतात आणि धुरातला हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड व नायट्रिक ऑक्साइड मोजतात. शिवाय बॉनेट उघडून प्रत्येक पार्ट कायदेशीर आहे का, तेही बघतात. कॅम, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, इंजिनाच्या पोटात असल्यामुळे तो डोळ्यांना दिसत नाही, पण धुरात नक्की दिसतो. म्हणून शेव्हरोलेट कॅमॅरोचा कॅम धुराकडून उलटा विचार करत निवडायचा. पॉवरचा आकडा नंतर बघायचा.

आधी कागद. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्याचं कलम २७१५६ धुराशी संबंधित पार्ट बदलायला मनाई करतं. अपवाद त्या पार्टचा, ज्याला एअर रिसोर्सेस बोर्डाने एक्झिक्युटिव्ह ऑर्डर, म्हणजे ईओ दिलेली आहे. ईओचा नंबर ‘डी’ने सुरू होतो आणि बोर्डाच्या साइटवर शोधता येतो. नंबर सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण ऑर्डर वाचा. ती ठरावीक वर्षं आणि ठरावीक इंजिनांपुरती असते. कार्ब्युरेटरच्या ५.७ लिटरला मंजूर झालेला कॅम टीपीआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणाऱ्या) इंजेक्शनच्या ५.७ लिटरला आपोआप चालत नाही. कॅटलॉगमध्ये ‘फक्त रेसिंगसाठी’ लिहिलेलं असेल तर पुढे वाचायची गरजच नाही. फॅक्टरीच्याच मापाचा बदली कॅम असेल तर ईओ लागत नाही, पण माप सगळं तेच हवं. आणि कॅमसाठी कॉम्प्युटरची चिप बदलणार असाल, तर चिपलाही स्वतःची ईओ लागते. ही गोष्ट बहुतेकांना कॅम बसवून झाल्यावर कळते.

आता मुख्य मुद्दा, ओव्हरलॅप. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद होत असताना इनटेक उघडायला लागतो, आणि क्रँकच्या काही अंशांपुरते दोन्ही एकदम उघडे राहतात. वरच्या आरपीएमला याचा फायदा होतो, कारण बाहेर पडणारा धूर ताज्या हवेला ओढून आत घेतो. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मात्र उलटं होतं. मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम धुरालाच मागे खेचतो, सिलिंडरमधलं मिक्स्चर पातळ होतं आणि एखादा स्फोट हुकतो. गाडीचा तो ‘लोप-लोप’ आवाज म्हणजे हेच हुकलेले स्फोट. हुकलेल्या स्फोटातलं पेट्रोल जसंच्या तसं बाहेर पडतं आणि हायड्रोकार्बन वाढतो. त्याच्यासोबत न वापरलेला ऑक्सिजनही जातो. ऑक्सिजन सेन्सरला वाटतं की मिक्स्चरमध्ये पेट्रोल कमी पडतंय, म्हणून कॉम्प्युटर आणखी पेट्रोल सोडतो. हे सगळं धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं आणि तो तापून खराब होतो. एका चुकीच्या कॅमने असा महागाचा पार्ट जातो.

ओव्हरलॅप स्वतः काढता येतो. इनटेक आणि एक्झॉस्टच्या ड्युरेशनची (व्हॉल्व्ह क्रँकच्या किती अंशांपर्यंत उघडा राहतो त्याची) बेरीज करा, चारने भागा, त्यातून लोब सेपरेशनचा, म्हणजे इनटेक व एक्झॉस्टच्या लोबच्या (कॅमवरच्या उंचवट्यांच्या) शेंड्यांमधला कोन वजा करा आणि उत्तराला दोनने गुणा. ड्युरेशन ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मि.मी. लिफ्टवरची (उचलीवरची) घ्या. उत्तर उणे आलं तर तेवढ्या उचलीवर दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे नसतात.

२०६/२१२ (इनटेक/एक्झॉस्ट ड्युरेशन) चा कॅम, सेपरेशन ११४ अंश: ओव्हरलॅप उणे १९.
२१४/२२४ चा कॅम, सेपरेशन ११२: उणे ५.
२२४/२३० चा कॅम, सेपरेशन ११०: अधिक ७.

टीपीआयच्या ५.७ लिटरमध्ये पहिला कॅम फॅक्टरीसारखा शांत चालतो. दुसरा सीमेवरचा आहे: कन्व्हर्टर नवा, इग्निशन चोख आणि ट्यूनिंग बरोबर असेल तरच. तिसरा रोलरवरच्या चाचणीत घालू नका. हीच मापं ५.० लिटरमध्ये एक पायरी ‘मोठी’ वागतात, कारण लहान सिलिंडरला तेवढाच ओव्हरलॅप जास्त जाणवतो.

एक सावधगिरी. ०.०५० वरची ड्युरेशन सारखी असूनही दोन कॅम वेगळे असू शकतात. दोघांची २१२, पण एकाची जाहीर ड्युरेशन (व्हॉल्व्ह जेमतेम उघडल्यापासून मोजलेली) २६० आणि दुसऱ्याची २८० असेल, तर दुसऱ्याचे व्हॉल्व्ह सावकाश उघडतात आणि बराच वेळ अर्धवट उघडे राहतात. धुरासाठी पहिला चांगला. स्प्रिंगला मात्र तो जास्त राबवतो.

कमी ओव्हरलॅप म्हणजे कमी पॉवर असं नाही. २००२ च्या कॉर्व्हेट झेड०६ चं ५.७ लिटर एलएस६ इंजिन फॅक्टरीतून ४०५ अश्वशक्ती देत होतं. त्याचा कॅम २०४/२१८, सेपरेशन ११७.५ अंश, म्हणजे ओव्हरलॅप उणे २४. लिफ्ट मात्र इनटेकला ०.५५१ इंच. ताकद आली ती हेडमधल्या (सिलिंडरच्या झाकणातल्या) हवेच्या वाटा आणि लिफ्टमधून. आपल्या कामातही तोच क्रम ठेवा: लिफ्ट वाढवा, ड्युरेशन थोडी, सेपरेशन ११२ ते ११६ च्या आसपास.

टीपीआयला आणखी एक मर्यादा आहे. त्याचे इनटेक रनर लांब असल्यामुळे खालच्या आरपीएमला टॉर्क भरपूर मिळतो, पण साधारण ४,८०० आरपीएमच्या पुढे इंजिनाचा श्वास संपतो. ६,००० ला पॉवर देणारा कॅम इथे घातला तर खालचं पिकअप जातं आणि वर काही मिळत नाही. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मूळ टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारा) आणि २.७७ चा डिफरन्शियल असेल तर छोटाच कॅम घ्या.

वर्षही बघा. १९८५ ते ८९ च्या टीपीआयमध्ये हवा मोजणारा मास एअर सेन्सर आहे. आत येणारी हवा तो प्रत्यक्ष मोजतो, म्हणून थोडा मोठा कॅम पचवतो. १९९० ते ९२ मध्ये स्पीड-डेन्सिटी आहे. तिथे कॉम्प्युटर मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज बांधतो. कॅममुळे व्हॅक्यूम पडला की त्याला वाटतं इंजिनावर भार आहे, आणि तो जास्त पेट्रोल ओततो. अशा गाडीत उणे १५ च्या वर जाऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

पार्ट मागवण्याआधी गाडीची आजची तब्येत लिहून ठेवा. गरम इंजिनाचा आयडल व्हॅक्यूम समुद्रसपाटीला १७ ते २१ इंच पारा यायला हवा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरा. कॉम्प्रेशन बघताना सर्वांत कमी सिलिंडर सर्वांत जास्तच्या ७० टक्क्यांखाली नको, आणि एकही १०० पीएसआयखाली नको. मागच्या स्मॉग चेकचा छापील कागद काढा. जुन्या कॅमवरच गाडी काठावर पास होत असेल, तर पैसे आधी कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि इग्निशनच्या वायरींवर घाला.

१९८७ पासूनच्या कॅमॅरोच्या या इंजिनांत फॅक्टरीचेच रोलर टॅपेट (कॅमवर टेकणारे, चाक असलेले) आहेत. रोलरच ठेवा. सपाट टॅपेटच्या कॅमला सुरुवातीच्या रगडीसाठी झिंक-फॉस्फरसचं ऑइल लागतं, आणि तोच फॉस्फरस जळून कन्व्हर्टरवर थर धरतो. रोलरला त्याची गरज नाही. मात्र डिस्ट्रिब्युटरचा गिअर तपासा. स्टील बिलेटच्या कॅमवर साधा बिडाचा गिअर लावला तर तो झिजून त्याचा चुरा ऑइलमध्ये जातो. कॅमवाल्याने सांगितलेलाच गिअर लावा.

लिफ्टचं गणित सोपं आहे. लोबची लिफ्ट ०.३०० इंच आणि रॉकर (ती उचल वाढवून व्हॉल्व्हपर्यंत नेणारा दांडा) १.५ पटीचा असेल तर व्हॉल्व्हला ०.४५० मिळते, १.६ च्या रॉकरने ०.४८०. जुन्या बिडाच्या हेडमध्ये एवढ्यावर रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) व्हॉल्व्ह गाइडच्या सीलला आदळू शकतो. पूर्ण लिफ्टवर रिटेनर आणि सीलमध्ये किमान ०.०६० इंच, म्हणजे १.५ मि.मी. जागा ठेवा. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकायला तेवढंच अंतर बाकी हवं. पिस्टन आणि व्हॉल्व्हमध्ये इनटेकला २ मि.मी., एक्झॉस्टला २.५ मि.मी. हे पिस्टनवर मऊ क्ले ठेवून मोजा, अंदाजाने सोडू नका. सेल्फ-अलाइनिंग रॉकर आणि गाइड प्लेट कधीही एकत्र लावू नका, पुशरॉड अडकतो.

बसवताना टायमिंग चेन नवीनच घ्या. सैल चेन कॅमला मागे पाडते आणि खालचा टॉर्क जातो. खुणेला खूण जुळवून काम संपत नाही, कॅम डिग्री करा, म्हणजे त्याचा कोन मोजून खात्री करा:

१. पिस्टन स्टॉपने पहिल्या सिलिंडरचा खरा टीडीसी (पिस्टन सर्वांत वर असण्याची जागा) काढा आणि डिग्री व्हील त्यावर लावा.

२. इनटेकच्या टॅपेटवर डायल इंडिकेटर ठेवून पूर्ण लिफ्टवर शून्य करा.

३. क्रँक थोडा मागे नेऊन पुन्हा सरळ दिशेने फिरवा. सर्वोच्च बिंदूच्या ०.०५० आधीचा आणि ०.०५० नंतरचा अंश लिहा. क्रँक फक्त सरळच्या दिशेने वाचायचा, नाहीतर चेनचा ढिलेपणा मापात शिरतो.

४. बेरीज करून दोनने भागा. ७५ आणि १४१ आले तर सेंटरलाइन (पूर्ण लिफ्टचा अंश) १०८. कॅमच्या कार्डाशी जुळवा. एक अंशाचा फरक ठीक, तीनचा असेल तर उघडून बघा.

हायड्रॉलिक टॅपेटला शून्य ढिलाईनंतर रॉकरचा नट अर्धा फेरा आवळा. जास्त आवळलं की व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, आणि तो दोष पुढे कॅमच्या माथी मारला जातो.

इंजिन चालू झालं की टायमिंग कनेक्टर काढून बॉनेटखालच्या स्टिकरवर आहे तेच बेस टायमिंग (ठिणगी पडण्याची मूळ वेळ) ठेवा. चाचणीत ते तपासतात. मग स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतो किंवा कापतो तो आकडा) बघा. या जीएम (जनरल मोटर्स) कॉम्प्युटरांत १२८ म्हणजे दुरुस्तीची गरज नाही. आयडलला आणि रस्त्यावर एकसारख्या वेगाने चालताना आकडा साधारण १२० ते १३५ मध्ये असावा. खूप खाली असेल तर कॉम्प्युटर पेट्रोल कापतोय, म्हणजे मिक्स्चर दाट आहे.

अधिकृत चाचणीआधी दुकानात प्री-टेस्ट करून घ्या. त्याआधी गाडी वीस मिनिटं चालवून कन्व्हर्टर तापवा. आकडे असे वाचा. हायड्रोकार्बन जास्त आणि कार्बन मोनॉक्साइड कमी असेल तर स्फोट हुकतोय: प्लग, वायर, व्हॅक्यूम गळती, नाहीतर ओव्हरलॅप. दोन्ही जास्त असतील तर पेट्रोल जास्त जातंय. नायट्रिक ऑक्साइड एकटाच जास्त असेल तर ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडत नाही, टायमिंग पुढे आहे किंवा इंजिन गरम चालतंय. तिथे कॅमला दोष देण्याआधी ईजीआरची नळी काढून साफ करा. ईओचं स्टिकर इंजिनाजवळ दिसेल असं चिकटवा आणि ऑर्डरची प्रत गाडीत ठेवा. निरीक्षकाला शंका आली तर गाडी रेफरीकडे (शंकास्पद गाड्या तपासणाऱ्या केंद्राकडे) जाते, आणि तिथे पहिल्यांदा तोच कागद मागतात.