जनरेटरच्या टाकीतलं डिझेल तपासायचं तर तळापासून

सोसायटीचा जनरेटर महिन्यातून जेमतेम तासभर चालतो, पण टाकीतलं डिझेल सहा-सहा महिने तसंच पडून असतं. एका जुलैच्या रात्री आमचा जनरेटर घरघरून बंद पडला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टमध्ये अडकल्या. फिल्टर उघडला तर आत काळा, बुळबुळीत गाळ. तेव्हापासून दर महिन्याला टाकी मी स्वतः तपासतो.

पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतं. दिवसा तापलेली टाकी रात्री गार झाली की दमट हवा आत ओढते आणि रिकाम्या भागाच्या पत्र्यावर दव धरतं. पाणी आणि डिझेल जिथं भेटतात तिथं जिवाणू, बुरशी वाढतात. तो गाळ त्यांचाच. वरून काढलेला नमुना त्यामुळे फसवतो.

आधी जनरेटर बंद ठेवून टाकी रात्रभर निवू द्या. डिप रॉडच्या टोकाला पाणी शोधणारी पेस्ट लावून रॉड तळाला टेकवा. जिथवर पेस्टचा रंग बदलला, तिथवर पाणी.

मग तळाच्या नळातून काचेच्या स्वच्छ बरणीत अर्धा लिटर काढा. जवळ विडी-सिगारेट, ठिणगी नको. बरणी उजेडात धरा. डिझेल आरपार चकचकीत दिसलं तर ठीक. धुरकट असेल तर त्यात पाण्याचे बारीक थेंब आहेत. तळाशी वेगळं पाणी दिसलं, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत नळ सोडा. काळे धागे किंवा शेवाळासारखा थर दिसला, तर टाकी आतून साफ करून घ्यावीच लागते. नुसतं जंतुनाशक टाकलं तर मेलेला गाळ सुटून पुन्हा फिल्टरमध्येच अडकतो.

डिझेल भरतानाच त्याची एक बाटली सीलबंद करून अंधारात ठेवा. रंग किती काळवंडला ते तिच्याशी ताडून कळतं. हायड्रोमीटरने घनताही नोंदवा, पण तापमानासकट: दर अंशाला घनमीटरमागे साधारण 0.7 किलोचा फरक पडतो. रॉकेलची भेसळ घनतेत उघडी पडू शकते, तळाचं पाणी मात्र नाही.

पावसाळ्याआधी टाकी जवळजवळ भरून ठेवा, झाकणाचं रबर बदला. जस्ताचा मुलामा असलेली टाकी किंवा पिंप वापरू नका, जस्त डिझेल बिघडवतं. काढलेलं पाणीमिश्रित डिझेल गटारात ओतू नका. चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये साठवून अधिकृत तेल-पुनर्वापर करणाऱ्याकडे द्या.